गामिनी, संजीवनी आणि अमर

हुतूतूत गडी ‘मरतो’ आणि थोड्या वेळानं ‘जिवंत’ होतो, यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. लहानपणापासून कानावर पडलेले शब्द ते. पण मरण्यालाही नियम असतात, आणि तो एक नियम बदलला की सगळा खेळच बदलतो, हे आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं. कबड्डीचे नियम सगळीकडे एकसारखे होण्याआधी या मरण्याचे तीन प्रकार होते. गामिनीत मेलेला गडी मेलाच, अख्खा संघ बाद होईपर्यंत त्याला परत येणं नाही. संजीवनीत समोरचा एक मेला की आपला एक उठून आत. (आजची कबड्डी याच वाटेनं आली.) आणि अमर नावाच्या प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडायचाच नाही. समोरच्याच्या खात्यात एक गुण पडायचा आणि खेळ तसाच पुढे चालू!

मंडळी, आज लिहायचंय ते मात्र कबड्डीवर नाही, व्हिडिओ गेमवर. हसू नका. त्यातही एका विशिष्ट जातीच्या खेळांवर, ज्यात पडद्यावरचा छोटासा माणूस डावीकडून उजवीकडे धावतो, फळ्यांवरून आणि कड्यांवरून उड्या मारतो आणि उड्या मारता मारता गोळ्या झाडतो. खेळणारी मंडळी याला ‘प्लॅटफॉर्म शूटर’ म्हणतात. १९८० च्या दशकात हे खेळ जोरात होते, मग मागे पडले, आणि या शतकात पुन्हा उगवले. नव्यानं उगवले ते मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यातून नव्हे, तर एकेकट्या माणसांच्या किंवा दोन-चार मित्रांच्या हातून. अशा स्वतंत्र खेळांना ‘इंडी’ म्हणतात. यातल्या कितीतरी खेळांचं रूप मुद्दाम जुनं ठेवलेलं असतं, चौकोनी ठिपक्यांचं. आणि अवघडपणाही जुनाच, किंबहुना त्याहून जास्त.

आता प्रश्न असा, की खऱ्यासारखी दिसणारी शहरं आणि सिनेमासारखे चेहरे असलेले खेळ बाजारात उपलब्ध असताना माणसं हे ठिपक्यांचे खेळ का घेतात? आणि एका तासात साठ वेळा मरायला लावणाऱ्या खेळाला हौसेनं पैसे का मोजतात? माझी बहुतेक नोकरी दहावीच्या वर्गांवर गेली. नापास होणं या गोष्टीशी माझा जन्माचा संबंध. तेव्हा जिथे पोरं आपणहून, हसत, साठ वेळा नापास होतात अशी जागा दिसली की तिचा इतिहास शोधल्याशिवाय मला राहवेना.

इतिहास सुरू होतो नाण्यापासून. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचं पेव फुटलं. जपानमध्ये १०० येनचं नाणं, अमेरिकेत २५ सेंटचं. यंत्राच्या मालकाचं गणित साधं होतं. एक पोरगा एका नाण्यात तासभर खेळला तर मालकाचं दिवाळं. पण तो वीस सेकंदांत मेला तर चिडून जाणार, उद्या येणार नाही. म्हणून खेळ रचणाऱ्याचं खरं कसब कशात, तर माणूस दोन-चार मिनिटांत मरावा, पण मरताना त्याला वाटावं की यंत्रानं फसवलं नाही, माझाच हात चुकला, पुढच्या वेळी जमेल. की निघालं खिशातून दुसरं नाणं!

या कसबाचा एक नमुना सांगते. कॅपकॉम कंपनीचा १९८५ सालचा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’. त्यातला नायक आर्थर नावाचा चिलखतधारी सरदार. त्याला एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि बिचारा नुसत्या चड्डीवर पुढे धावत राहतो. दुसरा फटका बसला की हाडांचा सांगाडा. बस, दोनच फटके. एवढे हाल काढून कुणी शेवटापर्यंत पोचलाच, तर खेळ त्याला सांगतो की हा सगळा सैतानानं रचलेला भास होता, आता पुन्हा पहिल्यापासून खेळा! दुसऱ्यांदा संपवल्याखेरीज खरा शेवट नाही. ही झाली गामिनी. मेलात की बाहेर, परत यायचं तर खिसा मोकळा करा.

मग खेळ घरात आला. निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १९८३ साली निघालं आणि १९८५ पासून अमेरिकेत एन.ई.एस. या नावानं विकलं जाऊ लागलं. घरी नाणं टाकायचं नव्हतं. मग अवघडपणा कमी व्हायला हवा होता ना? तो झाला नाही. एक तर बनवणारी माणसं तीच, हाताला वळण नाण्याचं. पण त्याहून मोठं कारण जागेचं होतं. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडची पोरं तिला कॅसेट म्हणत) साठवण फार थोडी. कोनामी कंपनीचा सुप्रसिद्ध ‘कॉन्ट्रा’ घरगुती यंत्रासाठी १९८८ साली आला, तो सगळाच्या सगळा १२८ किलोबाइटचा. आठ टप्पे, संगीत, राक्षस, सगळं धरून! आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट जागा घेतो. हात बसलेला खेळाडू कॉन्ट्रा अर्ध्या तासाच्या आत संपवतो. मग पूर्ण किंमत देऊन घेतलेला अर्ध्या तासाचा खेळ सहा महिने कसा पुरवायचा? तर अवघड करून. पातळ वरणात पाणी घालून पंगत उठवावी, तसा अवघडपणा घालून खेळ लांबवला जाई.

तिसरंही कारण होतं. अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून खेळ दिवसाच्या भाड्यानं मिळत. शनिवारी आणून रविवारी संपवला, तर तो विकत कोण घेणार? १९९४ साली कोनामीनं ‘कॉन्ट्रा हार्ड कोअर’ काढला. जपानी आवृत्तीत नायकाला एका जिवामागे तीन फटके सोसता येत होते, अमेरिकेतल्या आवृत्तीत एकच फटका आणि खेळ खलास. खेळ तोच, पण बाजार वेगळा म्हणून मरणही वेगळं.

याच काळातली एक गंमत आहे. काझुहिसा हाशिमोतो नावाचे कोनामीचे एक प्रोग्रॅमर १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा विमानांचा खेळ घरगुती यंत्रावर उतरवत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळणं भाग होतं, आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना! म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक चोरवाट ठेवली. बटणं ठराविक क्रमानं दाबायची: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ती काढून टाकायची राहून गेली आणि जगभर पसरली. कॉन्ट्रात हाच मंत्र म्हटला की तीनऐवजी तीस जीव मिळत. ज्यांनी बनवला त्यांनाही न झेपणारा खेळ जगातल्या दहा वर्षांच्या पोरांपुढे ठेवला होता, हे यातून कळतं. हाशिमोतो २०२० साली गेले, तेव्हा जगभरच्या लोकांनी हीच बटणं लिहून त्यांना निरोप दिला. संजीवनी मंत्र देणारा माणूस म्हणून!

कॉन्ट्रा आपल्याकडे आला तो आडवाटेनं. अस्सल निन्टेन्डो इथे फार थोड्या घरांत होता. १९९० च्या दशकात त्या यंत्राच्या हुबेहूब नकला समुराई, मीडिया अशा नावांनी मिळू लागल्या आणि त्यांच्याबरोबर ‘९९९९९९ इन वन’ असं छापलेल्या कॅसेटी. आत खेळ असत मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा नावं बदलून. पण त्यात कॉन्ट्रा असला की पोरांचं काम झालं. मे महिन्याच्या सुट्टीत ज्याच्या घरी टीव्हीला हे यंत्र जोडलेलं, त्याच्या घरी चपलांचा ढीग. कॉन्ट्रा दोघांनी एकत्र खेळायचा. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो. त्यात एकजण भराभर वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला दुसरा पडद्याच्या तळाशी पडून मरतो, शत्रूची गोळी न लागता. यावरून किती सख्ख्या भावांत मारामाऱ्या झाल्या असतील याची गणती नाही. आज पस्तीस-चाळिशीत असलेल्या आपल्या भाचे-पुतण्यांना विचारा. धबधबा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कॉन्ट्राच येतो.

असो. १९९४ साली प्लेस्टेशन आलं, खेळांना खोली आली, माणूस पडद्यात आत-बाहेर चालू लागला. सपाट पडद्यावर उड्या मारणं एकदम जुनाट ठरलं. साठवण वाढली म्हणून खेळ लांब झाले, आणि लांब झाले म्हणून सोपे करणं परवडू लागलं. ‘मेटल स्लग’सारखे (१९९६) काही देखणे अपवाद नाण्यांच्या यंत्रांवर टिकून होते. पण मोठ्या कंपन्यांच्या लेखी ही जात संपल्यात जमा होती.

तिला पुन्हा उभं करणारा माणूस कंपनीतला नव्हता. जपानमधल्या दाइसुके अमाया या तरुणानं (‘पिक्सेल’ हे त्याचं टोपणनाव) कॉलेजात असताना एक खेळ करायला घेतला. मग नोकरी लागली. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात तो काम करत राहिला. कथा त्याची, चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅम त्याचा. मधेच बरंच झालेलं काम मनासारखं नाही म्हणून टाकून दिलं आणि नव्यानं मांडलं. पाच वर्षांनी, डिसेंबर २००४ मध्ये, ‘दोउकुत्सु मोनोगातारी’ म्हणजे ‘गुहेची गोष्ट’ पुरी झाली, आणि त्यानं ती इंटरनेटवर फुकट ठेवून दिली! हौशी मंडळींनी लगेच तिचं इंग्रजी केलं आणि ‘केव्ह स्टोरी’ या नावानं ती जगभर गेली.

या खेळात एक नियम फार विचार करून घातलेला आहे. शत्रू मारला की त्याच्यातून छोटे त्रिकोणी स्फटिक पडतात, ते गोळा केले की बंदूक वाढते. पण तुम्हाला मार बसला की तीच बंदूक पुन्हा लहान होते. म्हणजे बेसावधपणाची शिक्षा तिथल्या तिथे, डोळ्यांदेखत, आणि कमावून परत मिळवण्याजोगी. इथे मालकाला नाणं हवं नव्हतं, कॅसेट भाड्यानं जाण्याची भीती नव्हती, जागाही मुबलक होती. अवघडपणाची सगळी व्यापारी कारणं नाहीशी झाली होती. तरीही अमायानं खेळ अवघडच ठेवला, आणि शेवटाकडची एक गुप्त वाट तर भल्याभल्यांना रडवणारी. का?

माझ्या मते साऱ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. पैशासाठी म्हणून जो अवघडपणा जन्माला आला, त्याच्या आत खेळणाऱ्यांना दुसरंच काहीतरी सापडलं होतं. नाणं गेलं, ते काहीतरी उरलं. नव्या मंडळींनी नेमकं तेवढंच उचललं.

२००४ नंतर हा ओघ वाढला, त्यालाही कारणं आहेत. नेदरलँड्समधल्या मार्क ओव्हरमार्स या प्राध्यापकांनी १९९९ साली ‘गेममेकर’ हे साधन काढलं होतं. त्यामुळे फारसं प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही खेळ रचता येऊ लागला. दुकानदाराच्या फळीवर जागा मिळण्याची गरज उरली नाही, इंटरनेटवरूनच विक्री होऊ लागली. आणि ठिपक्यांचं चित्र एकट्या माणसाला परवडतं. खऱ्यासारखा चेहरा उभा करायला शंभर माणसं लागतात, सोळा ठिपके उंचीचा माणूस एकजण रात्री जागून काढू शकतो. २००८ साली तर खुद्द कॅपकॉमनं उलटी वाट धरली. ‘मेगा मॅन’ या जुन्या मालिकेचा नववा भाग त्यांनी मुद्दाम १९८७ सालच्या रूपात काढला. जुन्या यंत्रावर पडद्यावर गर्दी झाली की चित्रं लुकलुकत, हा त्या यंत्राचा दोष. नव्या खेळात हवी असेल त्याला ती लुकलुकसुद्धा चालू करून घेण्याची सोय दिली!

मग काय, जगभर शेतं पिकली. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनहून ‘ब्रोफोर्स’ (२०१५), ब्राझीलमधून ‘ब्लेझिंग क्रोम’ (२०१९), जो कॉन्ट्राचा थेट वारसदार म्हणावा असा. पण या जातीचा सर्वांत गाजलेला खेळ कॅनडातला, ‘कपहेड’.

चॅड आणि जॅरेड मोल्डेनहॉवर हे दोघे भाऊ. लहानपणी कॉन्ट्रा, मेगा मॅन, ‘गनस्टार हीरोज’ खेळून वाढलेले. त्यांनी २०१० च्या सुमारास ठरवलं की आपणही असा खेळ करायचा, पण चित्रं ठिपक्यांची नकोत, १९३० च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनसारखी हवीत. आणि ती त्या काळी काढत तशीच काढायची. कागदावर पेन्सिलीनं, हातानं, एकेक हालचाल. पार्श्वभूमी जलरंगात. संगीत जॅझचं, माणसांनी वाजवलेलं. चॅडची पत्नी माया ही रेखाचित्रांवर शाईची रेघ ओढायची. एवढा पसारा हौसेवर निभेना, तेव्हा भावांनी नोकऱ्या सोडल्या आणि घरं गहाण टाकली. २९ सप्टेंबर २०१७ ला खेळ बाहेर पडला आणि दोन आठवड्यांत दहा लाख प्रती खपल्या. घरं वाचली!

कपहेड भयंकर अवघड आहे. तीन फटके, संपलं. माझा धाकटा नातू तो खेळत असताना मी शेजारी वही घेऊन बसले होते. एका राक्षसापुढे तो एका संध्याकाळी चव्वेचाळीस वेळा मेला. चव्वेचाळीस! मी त्याला म्हटलं, “अरे, कंटाळा कसा येत नाही तुला?” तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “आजी, आत्ता मी तिथवर गेलो बघ.” आणि खरंच, मेल्यानंतर या खेळात एक आडवी रेघ उमटते. एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला शेवट, आणि आपलं चित्र त्या रेघेवर धावत जाऊन जिथे आपण मेलो तिथे थांबतं. वर तो राक्षस एक टोमणा मारतो. मग एक बटण, आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा मैदानात. नातू त्या रेघेकडेच बघत होता. पहिल्यांदा रेघेच्या पावावर मेला, मग निम्म्यावर, मग पुन्हा पावावर, मग अगदी टोकाशी. चव्वेचाळीस वेळा त्याला ‘हरलास’ असं कुणी म्हटलंच नव्हतं. ‘इथवर आलास’ असं सांगितलं होतं.

हा झाला अमर प्रकार. गडी बाद होतो, गुण नोंदला जातो, पण मैदान सुटत नाही. याच घराण्यातला, पण गोळ्यांशिवाय नुसत्या उड्यांचा ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) तर आणखी पुढे जातो. एक टप्पा पार झाला की तो तुमचे आधीचे सगळे प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर दाखवतो. तीस-चाळीस छोटे गडी एकदम धावत सुटतात, कुणी पहिल्या करवतीपाशी मरतो, कुणी दुसऱ्या, कुणी शेवटच्या उडीला, आणि त्या सगळ्यांतून एकच पार जातो. आपल्या चुकांची अशी दिंडी निघालेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

काही जण म्हणतात, हे सगळं स्मरणरंजन आहे, बालपण आठवतं म्हणून लोक खेळतात. थोडं खरं आहे. पण माझ्या नातवाला १९८८ कसं आठवणार? आणि कपहेडचं रूप १९३० च्या दशकातलं, ते तर त्या भावांच्या आईवडिलांच्याही बालपणाचं नसावं. ठिपक्यांच्या चित्राचा मोह मला वाटतं वेगळ्या कारणानं आहे. त्यात पसारा नाही. गोळी कुठून आली, फळी कुठे संपली, पाय कुठे चुकला, सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे मरणाचं कारण दिसतं. आणि कारण दिसलं की माणूस चिडत नाही, सुधारतो.

हे उलट बाजूनंही पटतं. २००७ साली ‘आय वॉना बी द गाय’ नावाचा एक फुकट खेळ आला. त्यात मुद्दाम अन्याय ठासून भरला होता. झाडावरची सफरचंदं खाली पडून डोक्यात बसतात हे ठीक, पण काही सफरचंदं वर पडतात! लोक हसून लोळले, कारण ती थट्टा आहे हे सगळ्यांना कळत होतं. खऱ्या खेळात असं केलं तर कुणी दुसऱ्यांदा हात लावणार नाही. अवघड आणि अन्यायी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या थट्टेनं उलट जास्त स्पष्ट केलं.

तेव्हा माझ्या हिशेबानं या खेळांची ओढ तीन गोष्टींत आहे. का हरलो ते दिसतं. नियम मधेच बदलत नाही. आणि हरणं आणि पुन्हा सुरुवात यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. इतकं थोडं, की त्यात लाज वाटायला वेळच मिळत नाही.

या तिसऱ्या गोष्टीपाशी मी अडखळते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. मार्चच्या दहावीच्या परीक्षेत गणितात सहा गुणांनी राहिला. जूनमध्ये निकाल लागला, पुढची परीक्षा ऑक्टोबरात. मधल्या चार महिन्यांत त्याच्या नावापुढे गावानं ‘नापास’ लावलं. दुकानात, देवळात, एस.टी. स्टँडवर. मी दोनदा घरी जाऊन आले. “बाई, बसतो ना ऑक्टोबरला,” म्हणाला. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तो वाळूच्या ट्रकवर किन्नर म्हणून जायला लागला होता. परीक्षेला बसला नाही, पुढेही कधी बसला नाही. त्याला गणित अजिबात येत नव्हतं असं नाही. एकोणतीस गुण मिळवले होते त्यानं. रेघेच्या टोकाशी आला होता. पण त्याला ती रेघ कुणी दाखवली नाही. मिळाला तो एक शब्द आणि चार महिन्यांची वाट.

या दोन्ही बाबतीत पुढे सुधारणा झाल्या, हे सांगायला हवं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे ‘का हरलो ते दिसलं पाहिजे’. आणि २०१५ पासून आपल्या राज्यात दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत होऊ लागली, त्यामुळे पास होणाऱ्याला त्याच वर्षी अकरावीत जाता येऊ लागलं. म्हणजे ‘मधलं अंतर कमी झालं पाहिजे’. शहाण्या माणसांनी शाळेत ज्या दिशेनं पावलं टाकली, त्याच दिशेनं खेळ करणारी पोरं आपल्या वाटेनं गेली होती, हे पाहून मला गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं. आमच्या मुलाला हे वेळेवर मिळालं नाही.

खेळ म्हणजे आयुष्य नव्हे, हे मलाही कळतं. परीक्षा दोन-तीन सेकंदांत पुन्हा घेता येत नाही, आणि खऱ्या मरणाला तर संजीवनी नाहीच. शिवाय या अवघडपणाला दुसरी बाजू आहे. ज्यांची बोटं चपळ नाहीत, नजर अधू आहे, हात कापतो, त्यांच्यासाठी दार बंद. कपहेडमध्ये सोपा मार्ग आहे, पण तेवढ्यावर शेवटच्या राक्षसापर्यंत जाऊ देत नाहीत. यावरून बरेच वाद झाले. ‘खऱ्या’ खेळाडूंनी सोप्या मार्गाला नाकं मुरडली. मला ही नाकं ओळखीची वाटतात, आमच्या स्टाफरूममध्येही होती. “ग्रेस मार्क देऊन पास झालेला कसला पास!” म्हणणारी. २०१८ साली कॅनडातच तयार झालेल्या ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या अवघड खेळानं यावर चांगला तोडगा काढला. हवी त्याला मदत घेता येते, खेळाचा वेग कमी करता येतो, कुणी टोमणा मारत नाही आणि शिखर सगळ्यांना मोकळं आहे. ज्याला मदत नको त्याचा अवघडपणा त्यामुळे एका कणानंही कमी होत नाही.

आपल्या घरांतून व्हिडिओ गेम म्हटलं की पहिलं वाक्य येतं, “डोळे फुटतील.” दुसरं, “अभ्यास कोण करणार?” दोन्ही वाक्यं मी हयातभर म्हटली आहेत आणि अजूनही म्हणते, वेळेची मर्यादा हवीच. पण त्यांच्याबरोबर आता एक तिसरंही म्हणते. मूल खेळत असेल तर पाच मिनिटं शेजारी बसून विचारा, कुठवर गेलास? गणिताची वही हातात असली तरी हाच प्रश्न विचारा.

ज्यांना प्रत्यक्ष खेळून पाहायचंय त्यांनी ‘केव्ह स्टोरी’पासून सुरुवात करावी. अमायानं २००४ साली ठेवलेली मूळ आवृत्ती फुकटच आहे आणि साध्याशा कॉम्प्युटरवरही चालते. पहिल्याच गुहेत खाली काटे आहेत, तेवढे सांभाळा. मी तिथे सात वेळा मेले. आठव्यांदा पलीकडे गेले.